पुरातत्त्व दिवस : खजिना नको, खापर हवं



दरवर्षी १९ ते २५ नोव्हेंबर हा जागतिक वारसा सप्ताह असतो. शाळेच्या वार्षिक नियोजनात तो बहुतेक वेळा एका ओळीत उरकलेला असतो: प्रदर्शन, घोषवाक्य स्पर्धा, प्रभातफेरी. अलीकडे काही शाळा त्यात एक नवी गोष्ट करू लागल्या आहेत. पालकांना आणि गावकऱ्यांना शाळेत बोलवायचं आणि पुरातत्त्वाचे अभ्यासक जमिनीखालचं जुनं जग कसं शोधतात, ते एक दिवस सगळ्यांनी मिळून करून पाहायचं. कल्पना मला मनापासून आवडते. पण ती जशी राबवली जाते, त्याबद्दल मात्र मला तुमच्याशी थोडं भांडायचं आहे.

एका शाळेत असा दिवस पाहायला गेलो होतो. मैदानाच्या कोपऱ्यात वाळूचा मोठा ढीग. त्यात शिक्षकांनी आदल्या दिवशी जुनी नाणी, बांगड्या, पितळी दिवा आणि एक प्लास्टिकची तलवार पुरून ठेवलेली. शिट्टी वाजली, दहा-दहा मुलं धावली, दोन मिनिटांत ढीग सपाट. ज्याच्या हाती जास्त वस्तू, त्याला बक्षीस. मुलं खूश, पालक फोटो काढण्यात दंग. वरती फलक होता: 'चला, पुरातत्त्वज्ञ बनूया'.

आता स्पष्टच बोलतो. यात पुरातत्त्व कुठंच नव्हतं. जमीन उकरून मौल्यवान वस्तू पटकन उचलायची आणि पळायचं, याला आपल्याकडे वेगळं नाव आहे. गुप्तधनासाठी पडक्या वाड्यात आणि जुन्या देवळाच्या आवारात रात्री खड्डे घेणारे लोक हेच करतात. त्या ढिगातून तलवार काढणाऱ्या मुलाला कुणीही विचारलं नाही की बाळा, ती कुठं होती? किती खोल? तिच्याशेजारी काय होतं? आणि पुरातत्त्व म्हणजे तर हेच तीन प्रश्न. वस्तू काय आहे हा प्रश्न त्यांच्यानंतर येतो.

हे नुसतं शिस्तीचं खूळ नाही. वस्तूची जागा हरवली तर काय होतं, याचं मोठं उदाहरण आपल्याच महाराष्ट्रात आहे. अहिल्यानगर जिल्ह्यात, श्रीरामपूर तालुक्यात प्रवरेच्या काठी दायमाबाद आहे. तिथं १९७४ साली एका भिल्ल शेतकऱ्याला झाडाचं मूळ खणताना ब्राँझच्या चार मूर्ती सापडल्या. दोन बैल जुंपलेला रथ आणि तो हाकणारा माणूस, शिवाय हत्ती, गेंडा आणि रेडा. चारही मिळून वजन साठ किलोच्या आसपास. भारताच्या प्राचीन धातुकामातल्या थोर वस्तूंमध्ये त्यांची गणना होते. त्या शेतकऱ्याचा यात काहीच दोष नाही, तो आपलं रोजचं काम करत होता. पण मूर्ती शास्त्रीय उत्खननात सापडल्या नाहीत, आणि दायमाबादला एकावर एक अशा पाच वेगवेगळ्या काळांतल्या वस्त्यांचे थर आहेत. सावळदा, उत्तर हडप्पा, दायमाबाद, माळवा आणि जोर्वे अशी त्यांची नावं. मग या मूर्ती कुठल्या थरातल्या? पुढं १९७५ ते १९७९ या काळात एस. ए. साळी यांनी तिथं मोठं उत्खनन केलं. बऱ्याच अभ्यासकांनी मूर्ती उत्तर हडप्पा काळातल्या मानल्या. पण धातूतलं मिश्रण तपासणाऱ्या काहींना ते पटलं नाही, आणि तो वाद आजवर पूर्ण मिटलेला नाही. साठ किलो ब्राँझ समोर आहे, पण त्याचं वय निर्विवाद सांगता येत नाही. मातीच्या एका कडेवर, त्या थराच्या रंगावर ते उत्तर लिहिलेलं होतं.

याच्या उलट इनामगाव घ्या. पुणे जिल्ह्यात शिरूर तालुक्यात, घोड नदीच्या काठी. डेक्कन कॉलेजच्या मंडळींनी १९६८ ते १९८३ या काळात तिथं हंगामामागून हंगाम उत्खनन केलं. ह. धी. सांकलिया, झै. दा. अन्सारी, म. के. ढवळीकर ही त्यातली मोठी नावं. तिथं सापडलेल्या बहुतेक वस्तू तुमच्या-आमच्या दृष्टीनं भंगार. खापरं, हाडं, जळलेलं धान्य, गारगोटीची पाती, चुलींची राख. पण प्रत्येक गोष्ट कुठं मिळाली हे नोंदलेलं होतं. त्यामुळे साधारण इ.स.पू. १६०० ते ७०० या काळातलं एक शेतकरी गाव जवळजवळ उभं करता आलं. शंभरावर घरं ओळखता आली. जवाचं पीक घेत होते हे कळलं. पाणी वळवायला बांध आणि पाट केला होता हे कळलं. मला सगळ्यात विलक्षण वाटतं ते हे: आधीच्या काळातली घरं चौकोनी, ऐसपैस. शेवटच्या टप्प्यात मात्र लहान लहान गोल झोपड्या. ढवळीकरांनी याचा संबंध पाऊसमान कमी होण्याशी आणि गावाला आलेल्या गरिबीशी जोडला. हे त्यांचं अनुमान आहे, त्यावर चर्चा होऊ शकते. पण चर्चा होऊ शकते ती पुरावा नोंदलेला आहे म्हणून. दुष्काळानं घर कसं लहान होतं, हे मराठी मुलाला समजावून सांगावं लागत नाही.

मुलं लगेच विचारतात, तीन हजार वर्षांपूर्वीची झोपडी गोल होती हे कसं कळलं? लाकूड तर कुजून गेलं असेल. बरोबर. लाकूड गेलं, पण खांब रोवायला केलेले खळगे राहिले. खांब कुजल्यावर त्यात वेगळ्या रंगाची भुसभुशीत माती भरली. जमीन हळूहळू, पातळ पातळ खरवडत गेलं की ते गोल ठिपके दिसतात. ठिपके जोडले की भिंत. हे ज्यानं एकदा स्वतः पाहिलं, तो पुन्हा फावडं घेऊन धावत सुटणार नाही. पुरातत्त्व दिवसात हेच दाखवायचं आहे, आणि ते वाळूच्या ढिगात दिसत नाही.

मग करायचं काय? माझ्या मते एकच गोष्ट नीट करावी: थरांचा हौद. बाकीचं झालं तर झालं.

कोरड्या विटा रचून आतून एक मीटर लांब, एक मीटर रुंद आणि गुडघ्याएवढा उंच हौद करा. दिवसाच्या किमान दोन आठवडे आधी. तळाला काळी माती, तिच्यात थोडा कोळसा, एका फुटलेल्या मडक्याची खापरं, चार मणी. त्यावर मुरुमाचा पातळ थर, पाणी मारून धुमसून चांगला घट्ट करा. ही घराची जमीन. आता तिच्यात काठीनं अर्धगोलात सहा-सात भोकं पाडा आणि त्यांत राख भरा. हे आपले खांब. एका बाजूला तीन दगडांची चूल, थोडी करपलेली ज्वारी. त्यावर राखमिश्रित माती, दुसऱ्या प्रकारची खापरं. सगळ्यात वर लाल माती. आणि शेवटी खरी गंमत. वरून थेट तळापर्यंत एक अरुंद खड्डा घ्या, त्यात पेनाचं टोपण टाका आणि लाल मातीनं बुजवा. थर बसावेत म्हणून मधून मधून पाणी शिंपडा. हौद ज्यानं भरला त्यानं त्याचा खरा नकाशा काढून मुख्याध्यापकांच्या कपाटात बंद ठेवावा. संध्याकाळपर्यंत कुणालाही दाखवू नये, मुख्याध्यापकांनासुद्धा!

त्या दिवशी दोरीनं हौदाचे चार चौकोन पाडायचे. एका चौकोनावर चार मुलं: एक थापीनं आणि ब्रशनं माती काढणारं, एक चाळणारं, एक नोंद करणारं, एक चित्र काढणारं. अर्ध्या तासानं कामं बदलायची, नाहीतर नोंदवही नेहमीच्याच हुशार मुलीच्या गळ्यात पडते. काही सापडलं की उचलायचं नाही. आधी एका ठरलेल्या आडव्या दोरीपासून खोली मोजायची, चित्रात जागा दाखवायची, मग पिशवीत घालून चिठ्ठी लावायची. चौकोन, थर, खोली, तारीख, नाव. वेळ लागतो. पहिल्या वीस मिनिटांत मुलं कंटाळतातही. लागू द्या वेळ.

थोड्या वेळानं कुणीतरी तळाच्या काळ्या मातीतून पेनाचं टोपण काढणार. 'सर, जुन्या लोकांकडे पेन होतं!' असं कुणीतरी हमखास म्हणणार, आणि सगळे हसणार. तेव्हा उत्तर सांगू नका, ही माझी हात जोडून विनंती. फक्त म्हणा, त्या टोपणाभोवतीची माती पाहा बरं. तिचा रंग आजूबाजूच्या मातीसारखा आहे का? मग हौदाच्या कडेला मातीची उभी भिंत दिसते तिथं लाल मातीची एक जीभ वरून खाली उतरलेली दिसेल. खड्डा! टोपण खोलवर सापडलं म्हणून ते जुनं ठरत नाही. खड्डा कुठल्या थरातून खणायला सुरुवात झाली, तो थर त्याचा काळ सांगतो. शेतात उंदराचं बीळ, पेव, विहीर, झाडाचं मूळ, सगळं असंच थर मिसळतं. 'खोल तितकं जुनं' हे आपण वर्गात सांगून मोकळे होतो, पण ते अर्धंच खरं आहे, आणि उरलेलं अर्ध पुस्तकातून शिकवता येत नाही.

याच तर्कानं इनामगावचं एक मोठं सत्य कळलं आहे. तिथं लहान मुलं वारली की त्यांना मातीच्या दोन रांजणांत, तोंडाला तोंड लावून आडव्या ठेवलेल्या, घराच्या जमिनीखाली पुरत. खड्डा घराच्या जमिनीतून घेतलेला आहे, हे थरांवरून कळलं. म्हणूनच म्हणता आलं की हे दूरचं स्मशान नाही, लोक याच घरात राहत होते आणि त्यांनी आपलं मूल आपल्याजवळ ठेवलं. जवळ वाडगा, लहान भांडं अशा वस्तू ठेवलेल्या असत. पाचवीच्या मुलांना हे सांगावं का, असं मला काही पालकांनी विचारलं आहे. सांगावं, पण सनसनाटी न करता. 'सांगाडा सापडला!' अशी चित्रं भिंतीवर लावू नयेत. आपल्या माणसांबद्दल बोलतो तसंच बोलावं. मुलं यावर फार समजूतदार प्रश्न विचारतात, मोठी माणसंच जास्त घाबरतात.

आता 'समाजाचा दिवस' असं म्हणतो तर समाज कुठं आहे? पालकांना खुर्च्यांवर बसवून भाषणं ऐकवणं म्हणजे सहभाग नाही. या दिवशी गावातली काही माणसं शिक्षकांपेक्षा जास्त जाणतात. गवंड्याला बोलवा. ओळंबा आणि पाणसळ वापरून दोरी सरळ आणि समपातळीत कशी बांधायची, हे तो पाच मिनिटांत दाखवेल. उत्खननाच्या चौकोनाची शिस्त तीच असते. कुंभाराला बोलवा. हातात खापर देऊन विचारा, हा भांड्याचा कुठला भाग? काठ, गळा, पोट की बूड? चाकावर केलं की हातानं थापलं? आतल्या बाजूच्या बारीक रेषांवर बोट फिरवून तो सांगेल. जोर्वे संस्कृतीची भांडी चाकावर घडवलेली, तांबूस, पातळ, चांगली भाजलेली, वाजवली तर खणखणणारी आणि वर काळ्या रंगात भौमितिक नक्षी. हे वर्णन पुस्तकात वाचणं वेगळं आणि कुंभारानं टिचकी मारून कच्च्या-पक्क्या भाजणीतला फरक ऐकवणं वेगळं. ज्या आजोबांना कधी शाळेच्या स्टेजवर कुणी बोलावलं नाही, त्यांच्याभोवती त्या दिवशी मुलं गोळा होतात. मला हा या दिवसाचा सर्वात मोठा फायदा वाटतो. इतिहासापेक्षाही मोठा म्हणालो तर इतिहासाचे सर रागावतील.

गणिताच्या शिक्षकांना तर आयतं काम आहे. काठाचं एक खापर घ्या. त्याचा बाहेरचा वाक कागदावर गिरवा. त्या कंसावर दोन जीवा काढा, त्यांचे लंबदुभाजक काढा, ते जिथं छेदतात तो वर्तुळाचा मध्य. त्रिज्या मोजली की अख्ख्या भांड्याचं तोंड किती रुंद होतं ते कळलं. तळहाताएवढ्या तुकड्यावरून रांजण की वाटी हे ठरतं. लंबदुभाजक कशाला शिकायचे, हा प्रश्न त्या वर्षी पुन्हा वर्गात येणार नाही. खापरं मात्र नवीन मडकी फोडून तयार करा, जुन्या जागेवरून वेचून आणू नका. त्याचं कारण पुढं येतंच.

विज्ञानवाल्यांसाठी बादलीभर पाणी पुरे. चुलीतली राख आणि माती यांत करपलेले दाणे मिसळा, बादलीत हलके ढवळा. माती खाली बसते, बरेचसे जळके दाणे वर तरंगतात. ते सुती फडक्यावर गाळून सावलीत वाळवायचे. हजारो वर्षांपूर्वीचं धान्य टिकतं ते बहुधा असं जळून कोळसा झाल्यामुळेच. म्हणजे कुणाच्या तरी घरी तेव्हा भाजताना धान्य करपलं, आणि त्याच्यामुळे आज आपल्याला त्यांचं जेवण कळतं.

आता कायद्याचं. उत्साहाच्या भरात एखादी शाळा गावाबाहेरच्या टेकाडावर मुलांना कुदळ देऊन नेते. असं कदापि करू नका. प्राचीन स्थळावर उत्खनन करायला भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभागाची परवानगी लागते. १९५८ च्या प्राचीन स्मारकांच्या कायद्यानं हे बंधन घातलं आहे. १८७८ चा निखात निधी कायदा अजून लागू आहे. जमिनीत दहा रुपयांहून अधिक किमतीचा जुना निधी सापडला तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवणं बंधनकारक आहे. आणि १९७२ च्या कायद्यानुसार किमान शंभर वर्षं जुन्या नाण्यापासून मूर्तीपर्यंतच्या वस्तू पुरावस्तू ठरतात. हस्तलिखितांसाठी ही मर्यादा ७५ वर्षं आहे. या तीन गोष्टी पालकांना त्या दिवशी सांगितल्याच पाहिजेत. नांगराला काही लागलं की पहिला फोन कुणाला करायचा, हे निम्म्या गावाला माहीत नसतं. म्हणून वस्तू एकतर सोनाराकडे जाते नाहीतर देव्हाऱ्यात.

काही जण म्हणतील, परदेशात तर शाळकरी मुलं खरंखुरं उत्खनन करतात. करतात. इंग्लंडमध्ये कॅरेन्झा लुईस या पुरातत्त्वज्ञ बाईंच्या मार्गदर्शनाखाली मुलांनी आणि गावकऱ्यांनी आपापल्या परसात एक मीटर लांबी-रुंदीचे खड्डे घेतले. पूर्व इंग्लंडमधल्या ५५ वस्त्यांत असे जवळजवळ २००० खड्डे झाले. त्यांतल्या खापरांची मोजणी २०१६ मध्ये प्रसिद्ध झाली. चौदाव्या शतकात तिथं प्लेगची महाभयंकर साथ आली होती. तिच्या आधीच्या काळातल्या खापरांच्या तुलनेत नंतरच्या काळातली खापरं सुमारे ४५ टक्के कमी भरली. माणसं किती कमी झाली असतील, याचा माग गावकऱ्यांनी परसातल्या फुटक्या भांड्यांवरून काढला. तिथला कायदा वेगळा, जमिनीची परिस्थिती वेगळी. आपल्याला ते जसंच्या तसं करता येणार नाही. पण एक पाहा, तिथंही कुणी खजिना शोधत नव्हतं. खापरं मोजली, खोली लिहिली, आणि प्रत्येक ठिकाणी एकाच पद्धतीनं लिहिली, म्हणून दोन हजार खड्डे एकमेकांशी ताडता आले.

आपल्याकडे खणायची परवानगी नाही, पण पाहायला कुणी मनाई केलेली नाही. आणि पाहण्यासारखं फार झपाट्यानं संपत चाललं आहे. आपल्या भाषेत शेतजमीन ती 'काळी' आणि वस्तीची जागा ती 'पांढरी'. माणसं पिढ्यान्‌पिढ्या जिथं राहिली तिथं राख, शेण, मातीच्या पडलेल्या भिंती, चुना, हाडं साठून माती पांढुरकी होते. पुरातत्त्वज्ञ ज्याला वस्तीचं टेकाड म्हणतात त्याला आपल्या आजीनं कधीच नाव देऊन ठेवलं आहे. नदीकाठच्या कितीतरी गावांशेजारी असं पांढरीचं टेकाड असतं. तिथली माती खत म्हणून शेतात नेतात, धाब्याच्या घरांना वापरत आले आहेत. हे पूर्वापार चालू होतं, पण घमेल्यानं. आता जेसीबी आला. दोन दिवसांत टेकाड ट्रॉल्यांत भरून निघून जातं, वर सपाट प्लॉट पडतात. शेतकऱ्याला चार पैसे मिळतात, त्याला दोष देऊन भागत नाही. पण त्या टेकाडात इनामगावसारखं एखादं गाव होतं का, हे आता कुणालाच कळणार नाही. माझा वाळूच्या ढिगाला एवढा विरोध का, ते आता लक्षात आलं असेल. दोन मिनिटांत ढीग सपाट करणाऱ्याला बक्षीस देणारी शाळा त्या जेसीबीबद्दल मुलांशी काय बोलणार?

म्हणून पुरातत्त्व दिवसाचा दुसरा अर्धा भाग शाळेबाहेर घ्या. जमीनमालकाला आधी विचारून, पालकांना बरोबर घेऊन, पांढरीवर जा. हातात फक्त वही, टेप आणि एखादा मोबाईल. नियम एकच: काहीही उचलायचं नाही. खापर दिसलं तर शेजारी पट्टी ठेवून फोटो काढायचा, जागा नकाशावर टिपायची, खापर होतं तसं ठेवायचं. ओढ्यानं किंवा रस्त्यानं टेकाडाची कड कापली असेल तर सुरक्षित अंतरावरून तिचं चित्र काढा. राखेचा पट्टा, तांबडा पट्टा, मध्येच अडकलेलं हाड. सकाळी हौदात पाहिलेले थर मुलांना तिथं आपोआप दिसतात, दाखवावे लागत नाहीत. कापलेल्या कडेच्या अगदी खाली मात्र कुणालाही उभं करू नका, ती ढासळते.

कुणीतरी विचारणारच, 'हे कोणत्या राजाच्या काळातलं?' बहुतेक वेळा प्रामाणिक उत्तर 'माहीत नाही' असंच असतं. ते गावासमोर म्हणायला शिक्षकाला संकोच वाटतो, वाटू नये. इतिहास म्हणजे राजे आणि लढाया, हे आपणच मुलांच्या डोक्यात भरलं आहे. खापराला राजा नसतो, जातही नसते. त्यात कुणीतरी शिजवलं एवढंच ते सांगतं. आणि गावाला हवी असलेली गोष्ट पुराव्यातून निघाली नाही तर ती ओढून-ताणून काढू नये. माझं गाव रामायणकाळातलं असं कुणी माईकवरून ठोकून दिलं, तर मुलांनी 'थर कुठला?' असं विचारावं. विचारतील, फक्त त्यांना गप्प बसवू नका.

बक्षीस द्यायचंच असेल तर असं द्या. संध्याकाळी प्रत्येक गटाच्या नोंदी दुसऱ्या वर्गातल्या, हौद न पाहिलेल्या मुलांकडे द्यायच्या. त्यांनी फक्त त्या नोंदींवरून हौदाचा नकाशा काढायचा. मग मुख्याध्यापकांच्या कपाटातला खरा नकाशा बाहेर काढून शेजारी लावायचा. ज्या गटाच्या नोंदींवरून सर्वांत बरोबर नकाशा निघाला, तो पहिला, मग त्यांना एकही मणी सापडलेला नसो. हौद आता उरलेला नाही, उरल्या आहेत त्या नोंदीच. खऱ्या उत्खननातही असंच होतं. खणलेला थर परत घालता येत नाही.

पालकांचा नेहमीचा प्रश्न, याचा मार्कांशी काय संबंध? थेट संबंध फारसा नाही. सहावीच्या इतिहासातला एखादा प्रश्न सोपा जाईल, लंबदुभाजक पक्का होईल, एवढंच सांगू शकतो. ज्यांना एवढ्यानं समाधान नाही त्यांनी त्या दिवशी मुलाच्या शेजारी बसून चाळणी हलवावी. पुढं घरी वाचायला ढवळीकरांचं 'महाराष्ट्राची कुळकथा' मराठीतच आहे. पुण्याला जाणं झालं तर डेक्कन कॉलेजचं संग्रहालय आहे, धाराशिव जिल्ह्यात तेरचं वस्तुसंग्रहालय आहे. सहलीत वॉटरपार्कच्या आधी एक तास तिथं काढता येईल. आधी पत्र पाठवून वेळ मात्र ठरवून घ्या.

दिवस संपल्यावर मुलांनी काढलेला पांढरीचा नकाशा फाईलमध्ये लावून विसरू नका. त्याच्या तीन प्रती करा. एक शाळेच्या भिंतीवर, एक ग्रामपंचायतीत, एक राज्याच्या पुरातत्त्व विभागाच्या जवळच्या कार्यालयाला पत्रासोबत. टेकाडाचा फोटो कुठं उभं राहून काढला, तिथं नकाशावर फुली मारा. पुढच्या नोव्हेंबरात नव्या वर्गाला त्याच फुलीवर उभं करा आणि पुन्हा फोटो काढायला सांगा.